‘ऑटोइम्यून’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नागपुरातल्या माझ्या मावशीच्या रिपोर्टात ‘अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह’ आलंय. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, ऑटोइम्यून आमवात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस). शेजारच्या काकू म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झाली, गुळवेलीचा काढा घे. ऑटोइम्यूनसाठीचा ‘स्वप्रतिरक्षा’ हा पुस्तकी शब्द मावशीला कळत नाही. कोणता शब्द वापरू?

उत्तर १: ‘स्वप्रतिरक्षा’ ऐकून कुणालाही ‘स्वतःचं रक्षण’ असंच वाटेल. आपल्या नागपुरी बोलीत सरळ सांगा: “मावशी, प्रतिकारशक्ती कमी नाही झाली, ती आपल्याच अंगावर उलटून राहिली.”

उलटते कशी, तेही सांगा. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी; त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे ‘एअर’ नावाच्या जनुकामुळे त्यांना इतर अवयवांची प्रथिनंही दाखवली जातात, अगदी स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा. जी पेशी त्यांना फार घट्ट चिकटते, तिला बहुधा तिथेच संपवलं जातं. काही निसटतातच. त्यांना बाहेर नियामक टी-पेशी आवरून धरतात. या पेशींच्या शोधासाठी ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आमवातात तर मूळ प्रथिनातच बदल होतो. त्यातल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं आणि शरीर त्या बदललेल्या रूपाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं. मावशीच्या रिपोर्टात तीच सापडली. ‘सीसीपी’तला दुसरा ‘सी’ सिट्रुलिनचाच.

उत्तर २: ‘उलटणे’ छान. पण ‘आत्मघाती’ किंवा ‘शरीरच शत्रू’ असलं काही म्हणू नका. आजारी माणसाला वाटतं, आपलंच काही चुकलं. काही वेळा सुरुवात बाहेरून होते: घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचं एम-प्रथिन हृदयाच्या मायोसिन या प्रथिनाशी मिळतंजुळतं असतं, म्हणून जंतूंवर बनलेली प्रतिपिंडं हृदयावरही जातात. संधिज्वरात (रूमॅटिक फीवर) पोरांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात त्या अशा. त्यात त्या पोरांचा काय दोष?

आणि काढ्याचं आधी डॉक्टरांना विचारा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला ऑटोइम्यून प्रकारची इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं आहे.

प्रश्नकर्ता: ‘उलटून राहिली’ हेच सांगतो. घरी सगळे ‘संधिवात’ म्हणतात, ते चालेल?

उत्तर १: बोलण्यात चालेल. पण गुडघे झिजले तरी लोक संधिवातच म्हणतात, आणि त्याची औषधं वेगळी. दवाखान्यात ‘आमवात’ म्हणा आणि रिपोर्ट दाखवा.