ईजीआरने तुम्हाला कुठे चकवलं?

ईजीआर म्हणजे थोडा एक्झॉस्ट (जळून बाहेर पडणारा वायू) व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. जुन्या गाडीच्या ईजीआरने दमवलेली मंडळी बरीच असणार. अनुभव लिहा. सुरुवात मी करतो.

पेट्रोल गाडी, २१ वर्षांची. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून एक्झॉस्ट पुरेसा येत नाही. मेकॅनिक म्हणाला व्हॉल्व्ह गेला, मी बदलला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमच्या ओढीने उघडतो, म्हणून हातपंपाने त्याला व्हॅक्यूम दिला. दांडी वर सरकताना दिसत होती, पण इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक नाही. खरं तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, व्हॉल्व्ह उघडला की इंजिन धडधडायला हवं, बंदसुद्धा पडायला हवं. म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत, पुढची वाट बुजलेली. मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतल्या) करंगळीएवढ्या भोकातून जेमतेम काडी जात होती, बाकी सगळी काजळी. सायकलच्या ब्रेकची जुनी वायर ड्रिलला लावून खरवडलं. बदललेला व्हॉल्व्ह कपाटात पडून आहे, चांगला!

*

माझं नेमकं उलट. गाडी पळताना झक्कास, सिग्नलला थांबली की थरथरून बंद. प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी, सगळं करून झालं. कोड एकही नाही. शेवटी व्हॉल्व्ह खोलला तर सीटवर मोहरीएवढा काजळीचा खडा. त्यामुळे तो पूर्ण मिटतच नव्हता. शंका आली तर व्हॉल्व्हखाली पत्र्याची अखंड चकती तात्पुरती बसवून बघा. आयडल सुधारला की चोर सापडला. पण चकती काढायची हं! एक्झॉस्ट आत आला नाही की ज्वलनाचं तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं.

*

वर दोघांनीही व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह धरलाय. माझ्या डिझेल गाडीत तो विजेवर चालतो, तिथे हातपंप काय कामाचा? मी गाडी चालू ठेवून स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडायला लावला आणि एअरफ्लो सेन्सरचा आकडा बघत बसले. एक्झॉस्ट आत शिरला की ताजी हवा कमी ओढली जाते, आकडा उतरायला हवा. माझा ढिम्म. कनेक्टर काढला तर एक पिन हिरवीगार गंजलेली. ती घासली आणि काम झालं. नवा व्हॉल्व्ह ऑर्डर करणारच होते.

*

कूलंट कमी व्हायचं, गाडीखाली थेंब नाही. हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं म्हणून इंजिन खोलायला निघाले होते. निघाला फुटका ईजीआर कूलर, म्हणजे कूलंटने एक्झॉस्ट गार करणारा भाग.

*

काजळी काढायचा कार्ब क्लीनर व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमवर, म्हणजे व्हॅक्यूमने ओढल्या जाणाऱ्या रबरी पडद्यावर, मारू नका. मी मारला. रबर फुगलं, आणि तोवर धडधाकट असलेला व्हॉल्व्ह त्या दिवशी खरोखरच गेला.

*

गाडी कुठली तुमची? माझ्या कपाटातला बसतोय का बघू.