जपानी माणूस कचरा घरी नेतो तो संस्कारामुळे की शेजाऱ्यांच्या धाकामुळे?

निशिकासाईकर

सोसायटीच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला. जपानमध्ये मुलं शिक्षकांबरोबर रोज शाळा झाडतात, सफाई कामगाराला तिथे 'हेल्थ इंजिनिअर' म्हणतात, त्याला महिन्याला 5 ते 8 हजार डॉलर मिळतात. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि 'आपण कधी सुधारणार?'

मी टोकियोत निशिकासाईला चार वर्षं काढून गेल्या दिवाळीत पुण्यात परत आलोय. मुलं शाळा झाडतात हे खरं. इंजिनिअर वगैरे थाप. ऑक्टोबर 2024 मध्ये टोकियोचं किमान वेतन तासाला 1163 येन झालं. आठ तास, बावीस दिवस धरा, दोन लाख पाच हजार येनच्या आत येतं. तेव्हाच्या भावाने चौदाशे डॉलरही नाहीत. झाडूवाल्या मावशी तिथेही याच्याच आसपास कमावतात.

पण माझं भांडण पगाराशी नाही. 'जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे' या वाक्याशी आहे. पहिल्या आठवड्यात मी केळ्याचं साल दिवसभर बॅगेत घेऊन हिंडलो, कारण रस्त्यावर कचराकुंडी नाही. मलाही वाटलं, काय लोक आहेत! नंतर कळलं की 20 मार्च 1995 ला ओम शिनरिक्यो या धर्मपंथाच्या लोकांनी टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला, आणि त्यानंतर स्टेशनांवरच्या कुंड्या भराभर काढल्या गेल्या. म्हणजे कचरा घरी न्यायची सवय निदान काही अंशी सुरक्षेच्या बंदोबस्तातून आलेली.

घरी नेल्यावर तरी सुटका कुठे? जाळायचा कचरा आठवड्यातून दोन दिवस, बाटल्या वेगळ्या दिवशी, त्यांची झाकणं आणि लेबलं काढून, धुऊन. पिशवी पारदर्शक हवी. मी एकदा चुकलो. संध्याकाळी आलो तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या, माझी एकटी चौकात, वर स्टिकर. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "अवघड असतं ना सुरुवातीला?" दुसऱ्या दिवशी माझ्या दारात इंग्रजी वेळापत्रक! एक शब्द वाकडा नाही, पण मी परत चुकलो नाही. याला संस्कार म्हणायचं का?

अण्णा1952

का म्हणू नये? आजीबाईंनी तुमची तक्रार केली नाही, वेळापत्रक आणून दिलं. यालाच संस्कार म्हणतात.

आम्ही 2019 साली साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत टूरबरोबर गेलो होतो. नारामध्ये हरणं बघण्याच्या नादात सौ. शाल बाकावर विसरल्या. दीड तासाने परतलो तर शाल बाकावर नव्हती. कोणीतरी घडी करून शेजारच्या कठड्यावर, जाता-येता दिसेल अशी अडकवली होती. तिथे कोणता शेजारी बघत होता?

आणि 2018 चा फुटबॉल विश्वचषक आठवा. रोस्तोव्हला बेल्जियमविरुद्ध 2-0 अशी आघाडी घेऊन जपान 3-2 ने हरला, शेवटचा गोल तर अगदी शेवटच्या क्षणाला. रडत रडत त्यांच्या प्रेक्षकांनी स्टेडियममधला कचरा गोळा केला. रशियात त्यांना स्टिकर लावायला कोण बसलं होतं?

सातारी_कंदी

अण्णांनी पहिल्याच चेंडूवर षटकार ठोकला राव 😄

माझा साधा प्रश्न. आमच्या कंपनीत जपानी साहेब येतात. गाडीत फोन वाजला तर चोरी केल्यासारखा चेहरा करून बंद करतात, आणि जेवायला बसले की नूडल्स असे भुरकतात की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात. मग आवाज नेमका कुठला वाईट?

निशिकासाईकर

@सातारी_कंदी भुरकणं चालतं, गरम नूडल्स अशाच खातात. चारचौघांत जोरात नाक शिंकरणं मात्र चालत नाही, ओढत राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. आवाज वाईट की चांगला हे तिथल्या मंडळींनी आधी ठरवून टाकलंय, एवढंच.

@अण्णा1952 रोस्तोव्हला अख्खं जग आणि कॅमेरे बघत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या गर्दीने टोकियोच्या शिबुयात छोटा ट्रक उलटा केला, आणि रस्त्यावर बाटल्यांचा खच पडला. पुढच्या वर्षी शिबुया वॉर्डाला त्या दिवसांत रस्त्यावर दारू प्यायला बंदी घालणारा नियम करावा लागला. रक्तात शिस्त होती तर ती त्या रात्री कुठे गेली? गर्दीत कोण कोणाला ओळखत नव्हतं, म्हणून सुटली.

मीरा_डोंबिवली

शिस्तीचं एवढं कौतुक चाललंय तर तिची किंमतही बोला. नोव्हेंबर 2017 मध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी 20 सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने माफी मागितली. आपल्याकडे ती बातमी 'बघा, शिका' म्हणून फिरली. मी रोज 8:14 ची लोकल पकडते, मलाही आधी हेवाच वाटला.

पण 25 एप्रिल 2005 चं काय? ओसाकाजवळच्या आमागासाकीला गाडी वळणावर रुळांवरून घसरून इमारतीत घुसली. 107 माणसं गेली, त्यात 23 वर्षांचा चालकही. आधीच्या स्टेशनात गाडी थोडी पुढे गेली, दीडेक मिनिटाचा उशीर झाला, आणि तो भरून काढायला त्याने वेग वाढवला. चुकलेल्या चालकांना तिथे 'निक्किन क्योइकु' नावाची शिक्षा व्हायची. नाव प्रशिक्षण, प्रत्यक्षात दिवस दिवस बसवून माफीनामे लिहायला लावायचं आणि चारचौघांत अपमान करायचा. त्या भीतीचा अपघाताशी संबंध चौकशीतही आला. वीस सेकंदांची माफी आणि ते वळण, दोन्ही एकाच कारखान्याचा माल आहे.

अण्णा1952

मीराताई, अपघाताचं दुःख आहेच. पण एका अपघातावरून साऱ्या समाजाला भित्रा ठरवणं मला पटत नाही. धाकाने शिकवलेलं मास्तर वर्गाबाहेर गेले की संपतं. मी छत्तीस वर्षं शिकवलंय, मला विचारा. हॉटेलात टीप ठेवली तर पोरगा पैसे परत द्यायला रस्त्यावर धावत आला. हरवलेलं पाकीट नोटांसकट पोलीस चौकीत मिळतं. हे भीतीने होत नसतं.

कायद्याचं_बोला

थोडी भर. पाकीट परत मिळण्यामागे प्रामाणिकपणा आहेच, पण कायदाही आहे. सापडलेली वस्तू 'कोबान'वर, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत जमा केली तर मालकाकडून किमतीच्या 5 ते 20 टक्के बक्षिसी मागायचा हक्क मिळतो. तीन महिन्यांत मालक आला नाही तर साधारणपणे वस्तू सापडणाऱ्याची. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. चौकी जागोजागी, त्यामुळे जमा करायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडे सापडलेलं पाकीट घेऊन चौकीत जायचं म्हटलं की 'तुम्हाला कुठे मिळालं, पंचनामा, परवा या' हेच डोळ्यासमोर येतं. आणि छत्री दुकानाबाहेरच्या स्टँडमध्ये ठेवून बघा, तीच प्रामाणिक जनता बिनदिक्कत उचलून नेते.

निशिकासाईकर

छत्रीला दुजोरा. चार वर्षांत माझ्या तीन गेल्या.

कानसाई_वहिनी

इतका वेळ नुसती वाचत होते. मी चौदा वर्षं ओसाकाजवळ राहते, नवरा जपानी, दोन मुलं सरकारी शाळेत. तुम्ही सगळे बाहेरून बघताय. अण्णांना गोड दिसतंय, मीराला कडू. घरात बसून सांगते.

शाळा सुरू व्हायच्या आधी यादी येते, त्यात झोकिन असतं. झोकिन म्हणजे जुन्या टॉवेलचं शिवलेलं फडकं, दर मुलामागे दोन. आयांनी शिवून द्यायचं. मी पहिल्या वर्षी रात्री जागून शिवलं, नंतर कळलं की बाकीच्या आया शंभर येनच्या दुकानातून तयार आणतात. संस्काराचा पुरवठा शंभर येनला 😀 जेवणाचंही तसंच. पांढरे डगले आणि टोप्या घालून मुलंच वाढतात, आठवड्याने पाळी बदलते. डगला शनिवार-रविवार घरी येतो, धुऊन इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी पाठवायचा. सातवीपर्यंत ग्लास न विसळलेली मी, आणि माझा सात वर्षांचा मुलगा लादी पुसताना ओळीत पळतो, शर्यत लावून. त्याला ते ना संस्कार वाटतात ना शिक्षा. खेळ वाटतो.

घरात आंघोळीचंही आहे. आधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, मग गरम पाण्याच्या टबात शिरायचं, आणि तेच पाणी घरातले सगळे एकापाठोपाठ वापरतात. माझी आई आली तेव्हा तिला हे ऐकूनच कसंतरी झालं. पाहुणी म्हणून सासूबाईंनी पहिला मान तिला दिला, तर आईने बाहेर येताना टबाचं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं! तिच्या मते स्वच्छता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, परत टब भरला. उरलेलं पाणी त्या कपडे धुवायच्या मशीनला लावतात, ते त्या दिवशी राहिलं. आजही दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना वाकून नमस्कार करतात आणि तो विषय टाळतात.

आता कडू. शाळांच्या नियमांची गोष्ट खरी आहे. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मुलीचे केस जन्मतः तपकिरी, तरी काळे रंगव म्हणून मागे लागले. तिने 2017 मध्ये दावा लावला. 2021 मध्ये कोर्टाने तिला 3 लाख 30 हजार येन भरपाई दिली, पण का? तर तिचं बाक वर्गातून काढलं आणि नाव यादीतून वगळलं म्हणून. केसांचा नियम मात्र कोर्टाने चुकीचा ठरवला नाही. माझ्या मुलीचे केस काळेभोर आहेत, तरी तो निकाल वाचून मला झोप आली नाही.

आणि मीरा, आमागासाकीच्या त्या वळणावरून मी पुष्कळदा जाते. इमारतीचे काही मजले जपून वर छत घातलंय. गाडी तिथे आली की डब्यात आपोआप शांतता होते, म्हणजे एरवी असते त्याहून जास्त.

मीरा_डोंबिवली

वहिनी, बाक काढलं हे मला माहीत नव्हतं. मग माझा मुद्दा आणखीच पक्का झाला ना? झोकिन आणि बाक एकाच वर्गातले.

सातारी_कंदी

आता मी पण गंभीर. त्यांच्याकडे 'मुराहाचिबु' म्हणून प्रकार होता असं साहेबांच्या दुभाष्याने एकदा सांगितलं. गावाचा नियम मोडला तर त्या घराशी दहापैकी आठ व्यवहार बंद. उरलेले दोन म्हणजे आग लागली तर विझवायला येणार आणि मयत झालं तर खांदा देणार. कारण आग पसरते आणि मढं सडतं. मला लगेच आपली वाळीत टाकायची पद्धत आठवली. आपल्याकडे तर त्याविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला. म्हणजे धाक दोन्हीकडे.

अण्णा1952

उत्तम. मग मला एक सांगा, धाक दोन्हीकडे, वाळीत टाकणं दोन्हीकडे, तर आमच्या गावचा ओढा स्वच्छ का नाही? आम्ही माणसं वाळीत टाकली ती लग्नावरून आणि जातीवरून. कचऱ्यावरून कोणाला टाकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. धाक कशाचा वाटावा हे कोण ठरवतं? तेच मी संस्कार म्हणतोय.

निशिकासाईकर

अण्णा, हे मात्र लागलं. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

तरी एक सांगतो. टोकियोसुद्धा कायम अशी नव्हती. 1964 च्या ऑलिंपिकआधी घरांसमोर लाकडी कचरापेट्या असायच्या, माशा घोंगावायच्या, सुमिदा नदीला वास मारायचा. पाहुणे येणार म्हणून मोहीम काढली. पेट्या हटवल्या, झाकणाच्या प्लास्टिक बादल्या आणल्या, गाडीची वेळ ठरवून दिली. गाडी त्या वेळेला आली, न चुकता आली, म्हणून लोकांनी वेळ पाळली. माझ्या पुण्यातल्या गल्लीत घंटागाडी कधी सातला, कधी अकराला. मी चार वर्षांची जपानी शिस्त घेऊन आलोय, तरी परवा ओला कचरा दोन दिवस बाल्कनीत ठेवावा लागला. संस्कार माझे तेच आहेत, गाडी बदलली.

अण्णा1952

आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर टाकलात की नाही?

निशिकासाईकर

नाही टाकला. बायकोने टाकू दिला नाही. आता हा संस्कार की धाक ते तुम्हीच ठरवा 🙏

कानसाई_वहिनी

😂 चला, मी निघते. या आठवड्यात कचऱ्याच्या जागेची पाळी आमच्या घराची आहे. सकाळी पिशव्यांवर जाळी घालायची, गाडी गेली की जागा झाडायची. जाळीची कड नीट दगडाखाली गेली नाही तर कावळे फाडतात, आणि मग समोरच्या काकू काही न बोलता स्वतः येऊन झाडायला लागतात. ते बघवत नाही. म्हणून गजर सहाचा.