मदत हवी आहे : वाडीच्या नागरिक मंडळाची नोंदणी करावी का?

राम राम मंडळी. आमची वाडी आटपाडी तालुक्यात, गट ग्रामपंचायतीतली (म्हणजे अनेक गावं-वाड्या मिळून एकच ग्रामपंचायत). तिथं आमच्या वाडीचा सदस्य एकच, त्यामुळे आमचे विषय कायम शेवटी. म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही अकराजणांनी नागरिक मंडळ काढलं. पगार नाही, पद नाही, दर अमावस्येला देवळात बैठक. रस्ता, विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर), टेंभू सिंचन योजनेच्या आवर्तनाचं पाणी, असले विषय. लोक सांगतात, आम्ही लिहून काढतो आणि ग्रामसभेत मांडतो.

अडचण अशी, की मागच्या ग्रामसभेत आम्हाला "तुम्ही कोण?" असं विचारलं गेलं. मतदार म्हणून बोलायचा हक्क आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण ती सभाही गणपूर्तीअभावी तहकूब! १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा लागतो, तेवढीही माणसं जमली नाहीत. (ऊसतोडीला निम्मी वाडी बाहेर, दोष कुणाला द्यायचा?)

आता काहीजण म्हणतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा, सात सभासद पुरतात. पण मग धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचा हिशेब, ऑडिट. आमच्याकडे जमा सगळी चहापुरती. मला वाटतं, नोंदणीपेक्षा ठरावाची नक्कल वेळेवर मिळवणं जास्त कामाचं.

जत, खानापूर किंवा माण-खटावकडं कुणी असं मंडळ चालवतंय का? नोंदणी न करता पंचायत समितीत निवेदनाची दखल घेतात का? आणि सभासदांत निवडणुकीला उभं राहणारा असला, तर त्याला बाजूला कसं करता, भांडण न होता?