बिनतारी वीज: एलईडी दोन सेंटिमीटरवरच मालवतो, वेढे वाढवू का?

सिडको_नाशिक
नववीच्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करतोय. २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला २७ किलोओहम, १० सेंमी व्यासाची १५+१५ वेढ्यांची कॉइल, मधला टॅप (मधून काढलेलं टोक) ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या प्लसला. समोर ३० वेढे नि एलईडी. दोन सेंमीपुढे एलईडी मालवतो, ट्रान्झिस्टर तापतो. वेढे १०० करू का? नंतर १२ व्होल्टची एलईडी पट्टीही लावायची आहे.

वाइंडिंगवाला
वेढे राहू द्या सर, आधी बॅटरी बदला. चौकोनी बॅटरीचा आंतरिक रोध जास्त, करंट ओढला की व्होल्टेज बसतं. सहा पेन्सिल सेल लावा. तारेच्या टोकांवरचं इनॅमल (रोधक लेप) पॉलिश पेपरने खरवडून मगच सोल्डर करा. ट्रान्झिस्टर प्लास्टिकचा असेल तर त्यावरचा नंबर नीट वाचा: पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ए यांचे कलेक्टर-एमिटर (कडेचे दोन पाय) एकमेकांच्या जागी असतात. उलटा बसला की गेन (करंट वाढवण्याची क्षमता) एकदम घटतो. आणि साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर जाऊ नका, कॉइलमधल्या एवढ्या जास्त फ्रिक्वेन्सीला (करंट दिशा बदलण्याच्या वेगाला) तो काहीही दाखवतो.

अंबड_एमआयडीसी
पट्टीला हे सर्किट पुरायचं नाही. दोन आयआरएफझेड४४एन मॉस्फेटचा (जास्त करंट पेलणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) रॉयर ऑसिलेटर करा, म्हणजे दोघं आळीपाळीने चालू-बंद होऊन कॉइलमध्ये एसी तयार करतात. त्याच व्यासाची ५+५ वेढ्यांची कॉइल साधारण १८ मायक्रोहेन्री भरते. तिला समांतर १०० नॅनोफॅरड लावलात की रेझोनन्स (कॉइल-कपॅसिटरची स्वतःची फ्रिक्वेन्सी) १२० किलोहर्ट्झच्या आसपास येतो. रिसीव्हरलाही १० वेढे आणि तोच कपॅसिटर. अंतर वाढतं ते या जुळणीने. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या; साधा सिरॅमिक तापतो, त्याचे नॅनोफॅरड सरकतात आणि जुळणी सुटते.

टॅपला सप्लायकडून १०० मायक्रोहेन्रीचा चोक (करंटचे चढउतार अडवणारी कॉइल) हवाच. मॉस्फेट जळतात ते बहुधा सप्लायमुळे: व्होल्टेज हळूहळू चढवलं किंवा अडॅप्टर लेचापेचा निघाला, की ऑसिलेशन सुरू होत नाही आणि दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू राहतात. १२ व्होल्ट, ५ अँपिअर, स्विचने थेट द्या. २४ व्होल्टचा मोह नको. ड्रेनवरचं (मॉस्फेटच्या कॉइलकडच्या पायावरचं) शिखर-व्होल्टेज सप्लायच्या ३.१४ पट, म्हणजे ७५ व्होल्ट, मॉस्फेट पेलतो ५५ व्होल्ट.

रिसीव्हरच्या रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) १एन४००७ डायोड नको, तो बंद होईपर्यंत पुढची सायकल येते. यूएफ४००७ घ्या.

वाइंडिंगवाला
तारेचं राहिलं. १२० किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या ०.२ मिमी थरातूनच वाहतो, म्हणून एका जाड तारेऐवजी ३० गेजच्या आठ-दहा तारा पिळून घ्या. सातपूरला रिवाइंडिंगवाल्यांकडे विचारा, वजनावर मिळेल.

सिडको_नाशिक
यावर फोन ठेवला तर?

अंबड_एमआयडीसी
ठेवू नका. क्यूआय (फोनचा बिनतारी) चार्जर फोनशी आधी बोलून वीज कमी-जास्त करतो, हे सर्किट आंधळं आहे. अंतर व्यासाच्या निम्मं, म्हणजे पाच सेंमी धरा. आणि प्रदर्शनात टेबल लाकडी मागा. लोखंडी पत्र्यावर कॉइल ठेवली की जुळणी बिघडते, वर पत्राच तापतो.