मदत हवी आहे: व्हीआर हेडसेटमुळे मुलांना मळमळ आणि डोकेदुखी

मी आठवीला विज्ञान शिकवते. मुलं १३-१४ वर्षांची. व्हीआरवर (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी त्रिमितीय जग) शरीररचनेचे धडे सुरू केल्यापासून दर वेळी तीन-चार जणांना मळमळतं. एका मुलीचं डोकं तर नंतर तासभर दुखत राहिलं. तिला आता मी हेडसेट देत नाही.

एक गोष्ट लक्षात आली आहे. हृदयाचं प्रारूप समोर स्थिर असतं तेव्हा सहसा कुणालाच त्रास होत नाही. रक्तवाहिनीतून 'वाहत जाण्याचा' धडा लावला की लगेच सुरू होतो. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, हे कारण मला पटतं. म्हणून तो धडा बंद केला. वेळ २० मिनिटांवरून १० वर आणली, सगळ्यांना बसवूनच दाखवते. अपस्माराबद्दल (फिट येण्याबद्दल) पालकांना आधीच विचारलंय, कुणालाही नाही. चष्मेवाले चष्मा लावूनच पाहतात.

तरीही दोघांना धूसर दिसतं. आमच्या हेडसेटमध्ये भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिमी एवढंच ठेवता येतं. या दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं तर ५४-५५ मिमी भरलं. नवीन हेडसेट घेणं सध्या शक्य नाही.

नेत्रतज्ज्ञ किंवा व्हीआर वापरणारे शिक्षक इथे असतील तर कृपया सांगा: ५८ वर ठेवून या दोघांनी १० मिनिटं पाहिलं तर चालेल, की त्यांना तोच धडा साध्या पडद्यावर दाखवू? आणि हेडसेट काढल्यावर किती वेळाने मुलांना सायकलवर घरी सोडावं?