टी१ने झ्यूसला जाऊ द्यायला नको होते

सह्यकडा:
२ नोव्हेंबर २०२४ रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, फराळाची ताटली मांडीवर घेऊन मी लंडनच्या ओटू अरीनामधला ‘लीग ऑफ लेजंड्स’ या पाच-पाच जणांच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या संगणकीय खेळाचा विश्वविजेतेपदाचा सामना पाहत होतो. चीनचा बिलीबिली गेमिंग हा संघ २-१ ने पुढे असताना कोरियाच्या टी१ संघातल्या फेकरने चौथ्या डावात सायलस आणि पाचव्यात गॅलिओ हे खेळातले पात्र घेऊन सामना फिरवला आणि अंतिम सामन्याचा मानकरी तोच ठरला, हे योग्यच झाले. माझ्या मनात मात्र त्याच्या पात्राने घेतलेल्या उडीनंतरचा क्षण घर करून आहे: तो प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात शिरतो, तोवर बाकीचे चौघे मागोमाग निघालेलेही असतात. झ्यूस, ओनर, फेकर, गुमायुसी आणि केरिया हे पाच जण २०२२ पासून टी१मध्ये एकत्र होते. त्या तीन वर्षांत त्यांनी तिन्ही वेळा अंतिम फेरी गाठली आणि दोनदा विजेतेपद मिळवले. त्यानंतर काही आठवड्यांतच झ्यूस हनव्हा लाइफ या प्रतिस्पर्धी कोरियन संघाकडे गेला. टी१च्याच प्रशिक्षणातून घडलेला आणि २०२३ च्या अंतिम सामन्याचा मानकरी ठरलेला हा खेळाडू संघाने काहीही करून राखायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

नीरा:
मला हे अजिबात पटत नाही. या खेळात पंचविशी ओलांडलेला माणूस ज्येष्ठ समजला जातो. फेकरसारखा तिशीच्या उंबरठ्यावरही अव्वल खेळणारा एखादाच, आणि त्यालाही २०२३ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे काही आठवडे बाहेर बसावे लागले होते. त्यातच कोरियात पुरुषांना सुमारे दीड वर्षाची सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. अशा अल्पायुषी कारकिर्दीत खेळाडूने संघभावनेपोटी स्वतःचे मोल कमी करून घ्यावे, ही अपेक्षा आपण प्रेक्षकांनी बाळगणे मला अन्यायाचे वाटते.

सह्यकडा:
सेवेचा मुद्दा झ्यूसला लागू होत नाही. हांगचौच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकामुळे तो, फेकर आणि केरिया या तिघांनाही सवलत मिळाली. खरी अडचण ओनर आणि गुमायुसी यांची आहे, कारण ते त्या स्पर्धेतल्या कोरियाच्या चमूत नव्हते. आणि मी झ्यूसला दोष देतच नाही. माझा आक्षेप संघाच्या व्यवस्थापनावर आहे.

नीरा:
सेवेबाबत तुमची दुरुस्ती मान्य. परंतु व्यवस्थापन चुकले, असे निकालावरून दिसत नाही. झ्यूसच्या जागी आलेल्या डोरानला घेऊन टी१ने २०२५ मध्ये चीनमधल्या चेंगडूत झालेल्या अंतिम सामन्यात केटी रोल्स्टर संघाला ३-२ ने हरवले आणि सलग तिसरे विजेतेपद मिळवले. झ्यूसचा नवा संघ मात्र उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला.

सह्यकडा:
डोरानचे श्रेय मी नाकारत नाही, पण त्याच अंतिम सामन्याचा मानकरी कोण ठरला, तेही पाहा. वर्षाच्या सुरुवातीला ज्याला बाकावर बसवून स्मॅश या दुसऱ्या खेळाडूला खेळवले गेले, तो गुमायुसी! एका मोसमाच्या उतारावरून त्याला कायमचे बदलले असते, तर चेंगडूचा करंडक हाती आला असता का? आता तोही हनव्हा लाइफमध्ये झ्यूसला जाऊन मिळाला आहे, आणि त्या पाच जणांपैकी टी१कडे तिघेच उरले आहेत.