आयजीई आधीच वाढलंय, मग इम्युनिटी वाढवायची पावडर कशाला?

खानापूरकर_७७
नमस्कार मंडळी. पोरगा नऊ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासनं सकाळी उठला की पंधरा-वीस शिंका, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल, आणि सुगीत भाताची मळणी लागली की तर विचारूच नका. बेळगावात दाखवलं, रक्तात आयजीई ८६० आलं, सेट्रिझिन आणि नाकातला स्प्रे दिलाय, फरक पडतो पण गोळी थांबली की परत तेच. आता एका पाहुण्यानं इम्युनिटी वाढवायची पावडर आणून दिलीय, महिन्याला अडीच हजार, डब्यावर लिहिलंय "नोबेलवाल्या टी-रेग पेशी वाढवा". त्यातलं नोबेल मिळालेल्या जपानच्या साकागुची शास्त्रज्ञांचं पेपरात वाचलं होतं खरं, पण त्याचा आणि शिंकांचा काय संबंध ते डोक्यात शिरंना. कुणाला कळत असेल तर सांगा की.

टिळकवाडी_बायो
दादा, ॲलर्जीत इम्युनिटी कमी पडलेली नसते ओ, ती नको तिथं अंगावर धावून जाते. आयजीई ही अँटिबॉडी, इशिझाका नवरा-बायकोनं १९६६ मध्ये शोधलेली (दोघं जपानी, काम अमेरिकेत). ती नाकातल्या मास्ट पेशींना चिकटून बसते, धुळीतल्या किड्यांचा कण लागला की पेशी हिस्टामिन सोडते आणि शिंका सुरू. सेट्रिझिन फक्त हिस्टामिनला अडवते, आयजीईला हात लावत नाही, म्हणून गोळी थांबली की परत तेच.

आता साकागुची. जन्मून तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी (छातीतली, जिथं टी पेशी तयार होतात) काढली की पुढं त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं, हे आधीपासनं माहीत होतं. साकागुचींनी निरोगी उंदराच्या टी पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) तसल्या पिल्लांना दिल्या तर आजार टळला. म्हणजे टी पेशींतच कुणीतरी लगाम धरणारं आहे. त्या काळी "दाबणाऱ्या टी पेशी" म्हटलं की लोक नाक मुरडायचे, आधीच्या दाव्यांचं हसं झालं होतं, पण हा माणूस चिकटून राहिला आणि १९९५ च्या पेपरात सीडी२५ ही खूण दाखवून त्या पेशी वेगळ्या काढल्या, ह्याच तुमच्या डब्यावरच्या टी-रेग. २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ जीन सापडला, ह्या टी-रेग घडायला तोच लागतो, आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळून.

शिंकांचा संबंध इथंच आहे. फॉक्सपी३ बिघडलेली पोरं जन्मतात, आजाराचं नाव आयपेक्स, फार दुर्मिळ. त्यांना लहानपणीच डायबेटिस, जुलाब, आणि त्याच्या जोडीला एक्झिमा आणि भरमसाट आयजीई. लगाम सुटला की ॲलर्जीपण उसळते. पण तुमच्या पोराला आयपेक्स नाही हं, उगाच घाबरू नका.

निपाणीचा_पप्या
उंदराचं खरं, माणसाचं काय? आणि खेड्यात मातीत खेळलेल्या पोरांना ॲलर्जी होत न्हाई म्हणतात, मग खानापूरच्या पोराला कशी झाली? आमच्याकडं तंबाखूच्या धुळीत जन्म गेला तरी मला काय झालं न्हाई, पण काँग्रेस गवत उपटलं की दुसऱ्या दिवशी हात सुजतात मर्दा.

टिळकवाडी_बायो
पप्या, आयपेक्स माणसांतलाच आजार आहे की, म्हणून तर तो पुरावा वजनदार. मातीचं म्हणशील तर १९८९ मध्ये स्ट्राखन यांनी मांडलं की घरात भावंडं जास्त तितका हे फीवर (परागाच्या ॲलर्जीच्या शिंका) कमी. ते हजारो पोरांची सरासरी बघून, एका पोराला वचन दिलेलं नाही. आणि तुझं काँग्रेस गवत निराळंच प्रकरण, त्यात टी पेशी थेट कातडीवर येतात, आयजीई लागतच नाही, म्हणून दुसरा दिवस उजाडतो. शिंक मात्र मिनिटात येते.

दादा, अजून एक, पोटात जंत असले तरी आयजीई वाढतं. नुसता ८६० आकडा बघून घाबरायचं कारण नाही, कशाची ॲलर्जी ते स्किन प्रिक टेस्टमध्ये कळतं.

खानापूरकर_७७
बरं झालं सांगितलात. मग ह्या टी-रेग वाढवायचं काहीच न्हाई काय?

टिळकवाडी_बायो
आहे, आणि ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. १९११ मध्ये लंडनला नून यांनी गवताच्या परागाचं इंजेक्शन थोडं थोडं वाढवत दिलं, शरीराला सवय लागली. त्यानं टी-रेग वाढतात हे बऱ्याच उशिरा कळलं, म्हणजे औषध आधी आणि कारण मागनं. आजची इम्युनोथेरपी तीच, तीन ते पाच वर्षं चालते, सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात कारण रिॲक्शन येऊ शकते. त्यामुळं ॲलर्जीच्या डॉक्टरलाच विचारा. पावडरीनं पोरांची ॲलर्जी बरी होते असं दाखवलेलं मी तरी कुठं वाचलं नाही. तोवर स्प्रे रोज, आणि पोरगं झोपतं ती वाकळ कडक गरम पाण्यात धुवा, आपल्याकडच्या दमट हवेत धुळीच्या किड्यांची चैन असते तिच्यात.

खानापूरकर_७७
वाकळ आज्जीच्या लुगड्यांची हाय, गरम पाण्यात घालूया म्हटलं तर घरात महाभारत. आणि पावडर परत करायची म्हणजे पाहुणा बायकोकडचा. बघतो, आधी वाकळेचं काढतो.